स्वतःला पाठवलेली नोंद दिसत नाही? ॲप काढून टाकण्याआधी हे तपासा

"मी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवलं होतं, आता दिसतच नाही." गॅसचा ग्राहक क्रमांक, शाळेच्या फीची पावती, डॉक्टरांनी फोनवर सांगितलेलं गोळीचं नाव, गावच्या घराच्या वीजमीटरचा आकडा. नोंद कसलीही असो, तक्रार ठरलेली असते आणि तीच तीच माणसं ती पुन्हापुन्हा करतात. पाठोपाठ घरातलं कोणीतरी जाणकार सांगतं, "ॲप काढ आणि परत टाक, होईल नीट."

हा सल्ला तूर्तास बाजूला ठेवा. बँकेच्या किंवा रेल्वे तिकिटांच्या ॲपला तो चालतो, कारण तिथला सगळा ऐवज कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि फोनवरचं ॲप ही नुसती खिडकी असते. व्हॉट्सॲप आणि सिग्नलचं तसं नाही. तुमचे संदेश तुमच्या फोनमध्येच राहतात. सर्व्हरवरून ते फक्त पुढे जातात, तिथे साठत नाहीत. खाजगीपणासाठी हेच तर हवं असतं. पण त्यामुळे ॲप काढलं की नोंदीही त्याबरोबर जातात आणि परत येतात त्या फक्त बॅकअपमध्ये असलेल्या. टेलिग्रामचे 'सेव्ह्ड मेसेजेस' याला अपवाद आहेत. ते कंपनीच्या क्लाउडवर असतात, म्हणून ॲप काढून टाकल्यावरही लॉगिन करताच परत दिसतात. पण ते त्या अर्थाने खाजगीही नाहीत, कारण दोन टोकांदरम्यानचं कुलूप, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच वाचता येऊ नये अशी सोय, त्यांना नसतं.

थोडक्यात, जी नोंद फक्त सापडत नव्हती ती ॲप काढून परत टाकण्याच्या नादात कायमची जाऊ शकते. आधी दुखणं कुठलं आहे ते ओळखू या.

भोक कसं पडलंय ते पाहा

फोन हातात घ्या. लॅपटॉप नको, फोनच. स्वतःशी असलेली चॅट उघडा. सिग्नलमध्ये ती 'नोट टू सेल्फ' नावाने असते, व्हॉट्सॲपमध्ये तुमच्या नावापुढे 'यू' असं लिहिलेली. यादीत दिसत नसेल तर नवी चॅट सुरू करायच्या बटणावर जा, तिथे सापडेल. व्हॉट्सॲपमध्ये तुमचा स्वतःचा नंबर तुम्ही 'जिओ नवा' अशा कुठल्यातरी नावाने सेव्ह केलेला असला तर त्या नावाखाली पाहा.

आता शोधाचा डबा वापरू नका. बोटाने वर सरकत त्या सुमाराच्या तारखेपर्यंत जा आणि आजूबाजूच्या नोंदी जागेवर आहेत का ते बघा. व्हॉट्सॲपमध्ये चॅटमधल्या शोधात कॅलेंडरचं चिन्ह येतं, त्यावरून थेट तारखेला उडी मारता येते.

आधीच्या आणि नंतरच्या नोंदी जागेवर आहेत, मधली एकच नाही, असं असेल तर ती दुसरीकडे गेली आहे किंवा हातून पुसली गेली आहे. अमुक एका तारखेच्या आधीचं काहीच नसेल, तर त्या तारखेला काय घडलं ते आठवा. बहुतेक वेळा नवा फोन घेतलेला असतो. जे आहे ते फक्त गेल्या आठवड्याचं किंवा महिन्याचं, आणि पुढच्या आठवड्यात पाहिलं तर शेपूट आणखी पुढे सरकलेलं, असं असेल तर संदेश आपोआप पुसणारा टायमर लागलाय. फोनवर सगळं आहे आणि लॅपटॉपवर नाही, तर प्रश्न फोन आणि लॅपटॉपच्या जोडणीचा. आणि वर सरकताना ती नोंद समोर आलीच, तर काहीच हरवलेलं नव्हतं. आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळा हेच होतं, म्हणून त्यावर जरा सविस्तर.

नोंद आहे, पण शोधात येत नाही

मामींचं उदाहरण देतो. उन्हाळ्यात वर्षाचं चटणी-मसाल्याचं करायचं म्हणून त्यांनी कांडपवाल्या बाईंना विचारून मिरचीचं प्रमाण स्वतःला पाठवून ठेवलं होतं. पुढच्या वर्षी तेच हवं होतं. शोधात 'मिरची' टाकलं, काही नाही. 'मसाला' टाकलं, काही नाही.

"मामी, नक्की यातच लिहिलं होतं का तुम्ही?"

"मग काय खोटं बोलते मी? बाई समोर बसली होती, मी टाइप करत होते."

वर सरकत गेलो तर नोंद होतीच: 'bedgi 1 kilo sankeshwari pav kilo dhane ardha'. 'मिरची' हा शब्दच नव्हता, 'मसाला' नव्हता आणि लिपी रोमन. बेडगी म्हटल्यावर मिरची वेगळी कशाला लिहायची, हे माणसाला कळतं. शोधाच्या डब्याला कळत नाही.

मराठी लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांचं असंच असतं. घाईत रोमन, निवांत असलो की देवनागरी, आणि मधूनच बोलून टाइप केलेलं. रोमनमध्येही आज 'mirchi', उद्या 'mirachi'. ही ॲपं अक्षरं जशीच्या तशी जुळवतात. 'मिरची' आणि 'mirchi' एकच आहे हे त्यांना ठाऊक नसतं. म्हणून एकच शब्द दोन्ही लिप्यांत शोधा, आणि रोमनमध्ये पूर्ण शब्द न टाकता पहिली तीन अक्षरं टाका.

देवनागरीतच लिहिलं असलं तरी सुटका नाही. काही अक्षरं डोळ्यांना सारखी दिसतात आणि फोनच्या लेखी वेगळी असतात. 'ॲ' हे त्यातलं पहिलं. एका कीबोर्डवर ते स्वतंत्र एकच अक्षर असतं, दुसऱ्यावर 'अ' लिहून त्यावर अर्धचंद्र चढवलेला असतो, आणि काही कीबोर्ड मध्ये एक न दिसणारं जोडचिन्हही घालतात. दिसायला सगळे 'ॲसिडिटी', पण शोधात एकाला दुसरा सापडेलच असं नाही. दुसरं म्हणजे आडवा रफार: 'पुऱ्या', 'पायऱ्या', 'दुसऱ्या'. काही कीबोर्ड तो नुक्त्याच्या 'ऱ' पासून बनवतात, काही साध्या 'र' ला अदृश्य चिन्ह जोडून. कीबोर्ड बदलला, फोन बदलला किंवा लॅपटॉपवरून लिहिलं की तोच शब्द आतून वेगळा होतो. उपाय सोपा आहे: त्या अक्षराच्या अलीकडे थांबा. 'पायऱ्या' शोधायचं असेल तर 'पाय' टाका.

आकड्यांचंही तेच. ५०० लिहिलेलं 500 टाकून मिळेलच याची खात्री नाही. मीटरचा आकडा, ग्राहक क्रमांक, गाडीचा चेसिस नंबर अशा गोष्टी इंग्रजी आकड्यांतच लिहायची सवय ठेवा. त्या पुढे जिथे भरायच्या असतात तिथेही तेच आकडे लागतात.

आणखी एक खोड म्हणजे शोध साधारणपणे शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवला जातो. नोंदीत 'वीजबिल' असं जोडून लिहिलं असेल तर 'बिल' टाकून ते येत नाही, 'वीज' टाकून येतं. विभक्तीचे प्रत्यय शेवटी लागतात म्हणून आपलं बरंच निभावतं, पण अनेकवचनात शब्दाचं बूडच बदलतं तिथे अडतं. 'चावी' टाकाल आणि नोंदीत 'चाव्या शेजारी दिल्यात' असेल, तर हाती काही लागत नाही. 'चाव' टाका.

फोटो आणि आवाजी नोंदी हा वेगळाच प्रकार. फोटोतला मजकूर शोधात येईल यावर विसंबू नका आणि बोलून ठेवलेली नोंद तर शब्दावरून सापडतच नाही. अशांसाठी चॅटच्या नावावर बोट टेकवा. तिथे फोटो, कागदपत्रं आणि लिंका वेगवेगळ्या रचलेल्या दिसतात. पावती शोधताना सगळी चॅट खरवडण्यापेक्षा ते लवकर होतं. पुढच्या वेळी फोटो पाठवताना खाली दोन शब्द लिहा, 'फ्रीज पावती' एवढंसुद्धा पुरे.

मधली एकच नोंद नाही

ती बहुधा दुसऱ्या घरात गेलेली असते. व्हॉट्सॲपने स्वतःला संदेश पाठवायची अधिकृत सोय नोव्हेंबर 2022 मध्ये दिली. त्याआधी आपण सगळे जुगाड करत होतो. कुणी मित्राला घेऊन ग्रुप बनवायचा आणि लगेच त्याला काढून टाकायचा, कुणी ब्राउझरमध्ये 'डब्ल्यूए डॉट मी' पुढे स्वतःचा नंबर लिहून चॅट उघडायचा. एकाच सदस्याचे ते ग्रुप अजून जिवंत आहेत. 'माझं', 'नोट्स', 'किराणा' अशी नावं असतात. बोटाला जुनी सवय असते, त्यामुळे अर्ध्या नोंदी ग्रुपमध्ये आणि अर्ध्या नव्या चॅटमध्ये पडतात. चॅटच्या यादीत तळापर्यंत आणि आर्काइव्हमध्येही एकदा पाहून घ्या.

दुकानदार, एजंट, शिकवणी घेणाऱ्या बाई यांच्या फोनवर साधं व्हॉट्सॲप आणि बिझनेस व्हॉट्सॲप शेजारी शेजारी असतात. दोघांत स्वतःशी वेगळी चॅट. गॅलरीतून फोटो शेअर करताना दोन जवळपास सारखी हिरवी चिन्हं समोर येतात आणि घाईत अंगठा कुठल्याही एकावर पडतो. एकाच ॲपमध्ये दोन नंबर चालवत असाल तर तीच गत. 'गायब' फोटो बिझनेसच्या चॅटमध्ये निघाला, असं इतक्यांदा पाहिलंय की मी आता तोच प्रश्न पहिला विचारतो.

नोंद सोसायटीच्या ग्रुपवर गेली असेल तर त्याची तक्रार घेऊन तुम्ही इथे येणार नाही, कोणीतरी आधीच कळवलेलं असेल. व्हॉट्सॲपवर साधारण दोन दिवसांच्या आत सगळ्यांसाठी पुसता येतं. पिनकोड ठीक, पण एटीएमचा पिन असा फिरवू नका.

मागून पुसत येतंय

हा टायमर. गायब होणारे संदेश ही सोय दोन्ही ॲपमध्ये आहे. व्हॉट्सॲपमध्ये 24 तास, 7 दिवस आणि 90 दिवस असे ठरलेले पर्याय आहेत. सिग्नलमध्ये काही सेकंदांपासून चार आठवड्यांपर्यंत तुम्ही म्हणाल तेवढा. बँकेचं काही बोलताना किंवा कुणाच्या सांगण्यावरून तो एकदा सगळ्या नव्या चॅटसाठी लावला जातो आणि मग विसरला जातो. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, डिफॉल्ट मेसेज टायमर. सिग्नलमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, डिसअपिअरिंग मेसेजेस. ही दोन्ही ठिकाणं पाहा, आणि मग स्वतःच्या चॅटच्या नावावर बोट टेकवून त्या चॅटचा स्वतंत्र टायमरही पाहा. चॅटचा टायमर वेगळा असू शकतो.

सिग्नलमध्ये एक गोष्ट ध्यानात येत नाही. दुसऱ्याने पाठवलेल्या संदेशाचं घड्याळ तुम्ही तो वाचल्यावर सुरू होतं. तुम्ही पाठवलेल्याचं मात्र पाठवल्या क्षणापासून. स्वतःला लिहिलेल्या नोंदीत पाठवणारे तुम्हीच, म्हणजे ती तुम्ही पुन्हा कधी उघडली नाही तरी तिची मुदत चालूच असते. 'वाचलं नव्हतं, मग गेलं कसं' याचं उत्तर हे.

टायमर बंद केल्याने आधीच्या नोंदी वाचत नाहीत, फक्त पुढच्या वाचतात. ज्यांच्यावर घड्याळाचं चिन्ह आहे त्या महत्त्वाच्या नोंदी आज कॉपी करून टायमर नसलेल्या ठिकाणी पुन्हा पाठवा. ज्या गेल्या त्या गेल्या.

फोनवर आहे, लॅपटॉपवर नाही

सिग्नलच्या डेस्कटॉप ॲपवर जोडणी केल्याच्या दिवसापासूनच्याच नोंदी दिसायच्या, मागचं काही यायचं नाही. जानेवारी 2025 पासून नवा संगणक किंवा आयपॅड जोडताना जुन्या चॅट सोबत नेता येतात, शिवाय गेल्या 45 दिवसांचे फोटो-फायली. पण हा प्रश्न फक्त जोडणीच्या वेळी विचारला जातो. तिथे घाईत 'नको' म्हटलं की लॅपटॉप रिकामा सुरू होतो. पुन्हा नव्याने जोडायचं ठरवलंत तर लॅपटॉपवरच लिहिलेल्या आणि फोनवर न पोहोचलेल्या नोंदी आधी बाजूला काढून घ्या.

व्हॉट्सॲप डेस्कटॉपवर अलीकडचं येतं, फार जुनं फोनवरच पाहावं लागतं. फोन 14 दिवस वापरात नसला तर जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर पडतात. गावी गेलात आणि फोन बंद ठेवलात तर परत आल्यावर पुन्हा क्यूआर कोड स्कॅन करावा लागेल. काही बिघडलेलं नसतं. भारतात यात एक सरकारी बाजूही आली आहे. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर 2025 मध्ये काढलेल्या निर्देशांत अशी ॲपं फोनमधल्या चालू सिमला बांधलेली असावीत आणि वेबवरचं सत्र जास्तीत जास्त सहा तासांनी बंद व्हावं असं म्हटलं होतं. कारण काहीही असो, वेबवरून बाहेर पडलं म्हणजे नोंद गेली असं नाही. ती फोनमध्ये असते.

उलटही होतं: लॅपटॉपवर लिहिलं आणि फोनवर आलं नाही. याला बऱ्याचदा फोनची बॅटरी-बचत कारणीभूत असते. पुष्कळ अँड्रॉइड फोन मागे चालणारी ॲपं मारून टाकतात. एरवी कोणाचा संदेश आला नाही तर आपल्याला 'आला कसा नाही' हे जाणवतं. स्वतःला पाठवलेल्या नोंदीची घंटीच वाजत नाही, त्यामुळे ती अडकली हे कळायला मार्ग नसतो. ॲप उघडून इंटरनेट चालू ठेवून मिनिटभर थांबा. मग फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या बॅटरीच्या पर्यायात जाऊन बंधन काढा. आणि बाजारात जायच्या आधी लॅपटॉपवर यादी लिहिली असेल तर घरातून निघण्यापूर्वी फोनवर एकदा उघडून पाहा. मंडईत रेंज नसते.

एका तारखेच्या आधीचं काहीच नाही

ही तारीख नव्या फोनची. इथे दोन्ही ॲपचे रस्ते फारच वेगळे आहेत.

व्हॉट्सॲपमध्ये बॅकअप गूगल खात्यात किंवा आयफोनवर आयक्लाउडमध्ये जातो. नवा फोन सुरू करताना 'रिस्टोअर' विचारलं आणि तुम्ही वगळलंत, किंवा बॅकअप वेगळ्याच ईमेलच्या खात्यात होता, तर चॅट कोरी दिसते. मोबाइलच्या दुकानात पोऱ्याने नवा जीमेल काढून दिला असेल तर हमखास हेच झालेलं असतं. जुन्या फोनवर सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथे कुठलं खातं लिहिलंय ते पाहा. अँड्रॉइडचा हा बॅकअप आता गूगलच्या फुकट मिळणाऱ्या 15 जीबीमध्येच मोजला जातो, म्हणून फोटोंनी ती जागा भरली की बॅकअप गुपचूप थांबतो. शेवटच्या बॅकअपची तारीख तिथेच असते. ती सहा महिन्यांपूर्वीची दिसली तर आजच जागा करा.

सिग्नल डीफॉल्टने कुठेही बॅकअप ठेवत नाही. आणि सगळ्यांचा गोंधळ होतो तो पिनमुळे. सिग्नल अधूनमधून पिन विचारतं, आपल्याला वाटतं या पिनने सगळं परत येईल. पिनने प्रोफाइल, सेटिंग्ज आणि संपर्क परत येतात. संदेश येत नाहीत. संदेशांसाठी अँड्रॉइडवर स्थानिक बॅकअप चालू करावा लागतो आणि तो करताना 30 अंकी सांकेतिक संख्या मिळते. ती कागदावर लिहा. तीच संख्या स्वतःला नोंद म्हणून पाठवून ठेवणारे लोक आहेत. कुलपाची किल्ली कपाटातच ठेवून कपाट लावून घेतल्यासारखं ते. बॅकअपची फाइल नव्या फोनवर नेऊन ॲप पहिल्यांदा सुरू करतानाच 'रिस्टोअर' निवडावं लागतं. आयफोनवरून आयफोनवर जाताना दोन्ही फोन शेजारी ठेवून थेट हस्तांतर करायचं. सप्टेंबर 2025 मध्ये सिग्नलने क्लाउडवरच्या सुरक्षित बॅकअपची सोय आणली, आधी अँड्रॉइडच्या चाचणी आवृत्तीत. त्यात मजकूर आणि गेल्या 45 दिवसांच्या फोटो-फायली फुकट ठेवता येतात. तिची किल्ली 64 अक्षरांची असते आणि ती हरवली तर सिग्नलकडेही दुसरी नसते.

जुना फोन घरात असेल तर अजून आशा आहे. नव्या फोनवर त्याच नंबरने सिग्नल सुरू केलं की जुन्यावरून संदेश पाठवता येत नाहीत, पण त्यातल्या जुन्या नोंदी वाचता येतात. म्हणून जुना फोन रिसेट करण्याची किंवा एक्स्चेंजमध्ये देण्याची घाई नको. आधी दिवसभर नवा वापरून पाहा, स्वतःच्या चॅटमध्ये सर्वांत जुनी नोंद दिसते का ते बघा आणि मगच दुकानात न्या.

मजकूर आहे, फोटो धूसर

फोटोचा चौकोन दिसतो, उघडत नाही. जागा रिकामी करणाऱ्या ॲपने किंवा तुम्हीच स्टोरेज साफ करताना मूळ फाइल पुसलेली असते. एरवी पाठवणाऱ्याकडे पुन्हा मागता येतं. इथे पाठवणारे आपणच. अँड्रॉइडवर फाइल मॅनेजर उघडून व्हॉट्सॲपच्या मीडिया फोल्डरमधल्या 'व्हॉट्सॲप इमेजेस' मध्ये 'सेंट' नावाचं पोटफोल्डर असतं, तिथे पाहा. स्वतःला पाठवलेलं हे 'पाठवलेलं' समजलं जातं, आलेल्या फोटोंत ते नसतं, म्हणून गॅलरीतही दिसत नाही. लॅपटॉप जोडलेला असेल तर तिथे तो फोटो अजून उघडतो का तेही बघा. सातबारा किंवा पॉलिसीचा कागद फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबून लहान केला जातो आणि बारीक अक्षर वाचता येत नाही.

हातून पुसलं गेलं असेल तर

'डिलीट फॉर मी' वर बोट पडलं तर व्हॉट्सॲप काही सेकंद 'अनडू' दाखवतं. ते हुकलं तर घड्याळाकडे बघा. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप रोज पहाटे दोनच्या सुमाराला फोनमध्येच स्थानिक बॅकअप करतं आणि साधारण गेल्या सात दिवसांच्या फाइल ठेवतं. नोंद आज दुपारी पुसली असेल तर काल रात्रीच्या बॅकअपमध्ये ती आहे. ॲप काढून परत टाकणं अशा प्रसंगी कामाचं, आणि तेही गूगल किंवा स्थानिक बॅकअपची तारीख नोंद पुसण्याच्या आधीची आहे हे डोळ्यांनी पाहिल्यावर. बॅकअपनंतर आलेले इतरांचे संदेश यात जातील, तेव्हा एका गोळीच्या नावासाठी हा उपद्व्याप करायचा की डॉक्टरांनाच परत फोन लावायचा, ते ठरवा. पाहायच्या आधी चुकूनही 'बॅक अप नाऊ' दाबू नका. गूगलवरच्या जुन्या बॅकअपची जागा नवा घेतो आणि त्यात ती नोंद नसते.

नंबरच बंद पडणार असेल तर

दुबईत, सिंगापुरात किंवा अमेरिकेत राहणारी बरीच मराठी मंडळी अजून भारतातल्या नंबरावरच व्हॉट्सॲप चालवतात. रिचार्ज राहून जातो. प्रीपेड सिमचा सलग 90 दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी तो नंबर बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला मिळतो. नवा मालक तुमच्या नोंदी वाचू शकत नाही, त्या तुमच्या फोनमध्ये आहेत. पण तो त्या नंबरने खातं उघडेल आणि तुम्ही बाहेर पडाल. व्हॉट्सॲपचं खातं 45 दिवस वापरात नसेल आणि मग तोच नंबर दुसऱ्या फोनवर सुरू झाला, तर जुन्या खात्याची माहिती काढून टाकली जाते. म्हणून सिम चालू आहे तोवरच सेटिंग्ज, अकाउंट, चेंज नंबर इथून नव्या देशाचा नंबर घाला. त्याच फोनवर असाल तर चॅट जागच्या जागी राहतात, स्वतःशी असलेलीही. सिग्नलमध्येही नंबर बदलायची सोय अकाउंटच्या सेटिंगमध्ये आहे. बदलण्याआधी बॅकअपची तारीख एकदा पाहून घ्या, आणि भारतातून येणारे बँकेचे ओटीपी त्याच सिमवर येत असतील तर रिचार्ज तरीही करावाच लागेल.